ढगांच्या रानाखालचा कर्ब: पेरूच्या कोस्निपाता खोऱ्याचं प्रकरण

हे प्रकरण शिकवायला घेतलं की मी फळ्यावर आधी एक डोंगरउतार काढतो. खालच्या अंगाला दाट जंगल, वरच्या अंगाला गवताळ माळ. मग विचारतो: झाडं आणि गवत बाजूला ठेवा, फक्त मातीत बघितलं तर जास्त कर्ब (कार्बन) कुठे असेल? बहुतेक हात जंगलाच्या बाजूने वर जातात. शिकत असताना मीही तेच उत्तर दिलं असतं. झाडं मोठी, पाचोळा भरपूर, मुळं खोल, म्हणजे माती श्रीमंत असणारच. हे इतकं उघड वाटतं की तपासून बघावं असं मनातही येत नाही.

दक्षिण अमेरिकेत, पेरूमधल्या अँडीजच्या पूर्व उतारावर, हे तपासून बघितलं गेलं. तिथे जे सापडलं ते उष्ण कटिबंधातल्या डोंगरांच्या मातीबद्दल विचार करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी नीट समजून घ्यावं असं आहे.

जागा

कुस्को शहरातून पाउकारताम्बोमार्गे निघालेली वाट अकहानाको खिंडीत चढते. खिंडीपर्यंत दोन्ही बाजूंना झुबकेदार, पिवळट गवताचा उघडा माळ असतो. तिथे त्याला 'पुना' म्हणतात. खिंड ओलांडली की जमीन एकदम खाली उतरते आणि गवत संपून जंगल सुरू होतं. ही हद्द आपल्याकडच्या रानासारखी विरळ होत गेलेली नसते. बऱ्याच ठिकाणी ती बांध घातल्यासारखी स्पष्ट दिसते: इकडे गवत, तिकडे झाडं. खाली पसरलेलं कोस्निपाता खोरं ढगांनी भरलेलं असतं. क्वेचुआ भाषेत कोस्नि म्हणजे धूर आणि पाता म्हणजे उंचावरची जागा, त्यामुळे नावातच सगळं आलं. ॲमेझॉनच्या सपाटीवरून येणारी दमट हवा या भिंतीला धडकते, वर चढते, गार होते आणि ढग बनून झाडांतच अडकून पडते. म्हणून अशा जंगलाला मेघवन म्हणायचं. खोऱ्याला लागूनच 1973 साली स्थापन झालेलं मानू राष्ट्रीय उद्यान आहे.

अभ्यासकाच्या दृष्टीने या उताराची खरी किंमत वेगळीच आहे. पायथ्याच्या ॲमेझॉन जंगलापासून वर मेघवनापर्यंत जवळजवळ 3000 मीटर उंचीचा फरक आहे आणि सगळा उतार जंगलाने झाकलेला आहे. खाली, समुद्रसपाटीपासून 200 मीटरच्या आसपास, वर्षाचं सरासरी तापमान 26 अंशांजवळ असतं. वर, 3000 मीटरवर, ते 11 अंशांजवळ येतं. अक्षांश तोच, सूर्य तोच, दिवसाची लांबी तीच, पण तापमानात 15 अंशांचा फरक. प्रयोगशाळेत एवढं मोठं यंत्र कुणी उभारू शकत नाही. इथे ते डोंगराने आयतंच उभं करून ठेवलं आहे.

2003 सालापासून इथे कायमस्वरूपी अभ्यासक्षेत्रं आखली गेली. एकेक हेक्टरचे तुकडे, त्यातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक आणि ठरावीक काळाने मोजणी. माइल्स सिलमन, यदविंदर मल्ही, पॅट्रिक मीर, नोर्मा सालिनास ही या कामामागची काही नावं. झाडं मोजणारे, पक्षी बघणारे, नदीचं पाणी तपासणारे आणि माती खणणारे असे सगळे एकाच उतारावर काम करत राहिले. म्हणूनच इथली एका विषयाची आकडेवारी दुसऱ्या विषयाच्या आकडेवारीला ताडून बघता येते. मातीच्या अभ्यासात असं सहसा घडत नाही.

खड्डा

मेघवनातल्या जमिनीवर पाऊल ठेवलं की आधी जमीन दबते. वर शेवाळ्याचा ओला थर, त्याखाली अर्धवट कुजलेली पानं, काड्या, बुरशीचे पांढरे धागे आणि गुंतागुंतीची बारीक मुळं. हात घालून मूठभर उचललं तर ती माती वाटतच नाही, भिजलेल्या गोधडीचा तुकडा हातात आल्यासारखं वाटतं. पिळलं तर चहासारखं तांबूस पाणी गळतं. आणखी खाली गेल्यावर रंग काळा होतो, पानाची शीर किंवा काडीचा आकार ओळखू येईनासा होतो. त्याखाली कधीतरी पिवळसर खनिज माती लागते आणि मग खडक. मेघवनाच्या वरच्या हद्दीजवळ हा सेंद्रिय थर 70 सेंटिमीटरपर्यंत जाडीचा सापडला आहे. म्हणजे खड्ड्यात उभं राहिलं तर गुडघ्याच्याही वर नुसतं कुजणारं, पण कुजून न संपलेलं जंगल.

आपल्याकडच्या माती परीक्षणाच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या वर न्यायचा तर वर्षानुवर्षं शेणखत घालावं लागतं. अशा सेंद्रिय थरात तो वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्याही वर जाऊ शकतो. हा फरक पाहिला की माणूस चटकन ठरवून टाकतो, की कर्बाचं भांडार ते हेच.

पण टक्केवारी आणि साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. साठा काढायचा तर तीन गोष्टी लागतात: थर किती जाड, एक लिटर माती वाळवल्यावर तिचं वजन किती, आणि त्या वजनात कर्ब किती टक्के. शिवाय दगडगोटे वजा करायचे. समजा, एक चौरस मीटर जागा आणि दहा सेंटिमीटर जाडीचा थर घेतला. ते झाले शंभर लिटर. हा थर हलका सेंद्रिय असेल, लिटरला शंभर ग्रॅम भरत असेल आणि त्यात 40 टक्के कर्ब असेल, तर साठा झाला 4 किलो. त्याच जाडीची खनिज माती घेतली, जी लिटरला 900 ग्रॅम भरते आणि जिच्यात कर्ब फक्त 6 टक्के आहे, तर साठा 5.4 किलो. डोळ्याला गरीब दिसणारी माती जास्त कर्ब बाळगून आहे! आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण मातीचा स्वभाव असाच असतो. रंग बघून, हातात घेऊन अंदाज बांधणारा इथे हमखास फसतो.

मायकेल झिमरमन आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झाडरेषेच्या, म्हणजे जंगल संपून गवत सुरू होतं त्या हद्दीच्या, कडेकडेने 40 किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात, 2994 ते 3860 मीटर उंचीवर, अशी माती खणली आणि मोजली. मोजणी वरच्या वीस-तीस सेंटिमीटरवर थांबवली नाही, पार खडकापर्यंत नेली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. बहुतेक सर्वेक्षणं श्रम वाचवायला वरच्या थरावर थांबतात आणि मग खालचं सगळं अंदाजाने भरतात.

आकडे असे आले. मेघवनात दर चौरस मीटरला सरासरी 11.8 किलो कर्ब. गवताळ पुनात 11.9 किलो. दोन्हींच्या मधल्या झुडपी पट्ट्यात 14.7 किलो. झुडपांचा आकडा मोठा दिसतो, पण तिथे नमुन्यांची ठिकाणं नऊच होती आणि जागोजागचा फरक इतका होता की तिन्हींमध्ये संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा भेद निघाला नाही. हेक्टरच्या भाषेत बोलायचं तर जंगलाखाली सुमारे 118 टन आणि गवताखाली सुमारे 119 टन.

वर्गात हे दोन आकडे फळ्यावर लिहिले की शांतता पसरते. मग कुणीतरी विचारतंच: सर, मग झाडांचा उपयोग काय?

झाडांचा उपयोग जमिनीच्या वर आहे. त्याच भागातल्या, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीत झाडरेषेजवळच्या मेघवनात जमिनीवरचा कर्ब हेक्टरला सुमारे 63 टन भरला आणि पुनातल्या गवतात फक्त साडेसात टन. तिथे जंगल नि:संशय पुढे आहे. जंगल तोडलं तर हा कर्ब जातो, आणि त्याच्या मागोमाग मातीचं काय होतं हा वेगळा, गंभीर प्रश्न आहे. पण गवताच्या जागी जंगल आलं म्हणजे मातीतला साठा आपोआप वाढेल, हे गृहीतक या उतारावर टिकलं नाही.

असं का व्हावं? गवत आपली निम्म्याहून जास्त कमाई जमिनीखाली ठेवतं. बारीक मुळांची दाट जाळी दरवर्षी मरते, नवी येते, आणि मेलेली मुळं थेट मातीतच राहतात. झाडाचं पान मात्र वर पडतं, ते आत जायला वेळ लागतो. याची खूण मातीच्या उभ्या छेदात दिसते. पुनात कर्ब वरच्या थरात भरपूर असतो आणि खोलीबरोबर झपाट्याने उतरतो. मेघवनात तो वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखा राहतो. झुडपांत तो सरळ रेषेत कमी होत जातो. एकूण बेरीज सारखी, पण मांडणी पूर्ण वेगळी. दोन कुटुंबांची शिल्लक सारखीच असावी, पण एकाने ती घरात रोख ठेवावी आणि दुसऱ्याने मुदत ठेवीत, तसं हे आहे. चोरी झाली तर कुणाचं किती जाईल, हे मांडणीवर ठरतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मेघवनाच्या आत उंची वाढली म्हणून साठा वाढला असंही दिसलं नाही. जागोजागी जो फरक पडला तो मातीच्या खोलीशी जुळत होता. जिथे खडक खोल, तिथे साठा मोठा. जिथे खडक वर, तिथे लहान. वर काय उगवलं आहे यापेक्षा खाली जागा किती आहे, हे जास्त बोलकं ठरलं.

थंडीने राखलेलं धन

हा कर्ब तिथे साचला कशाने? जास्त उगवण होते म्हणून नव्हे. याच उतारावरच्या, पायथ्यापासून मेघवनापर्यंतच्या मोजण्या सांगतात की उंचीबरोबर जंगलाची वाढ मंदावते, पान-लाकूड-मुळं कमी तयार होतात. पण कुजणं त्याहूनही जास्त मंदावतं. आवक घटली, पण जावक तिच्यापेक्षा जास्त घटली, म्हणून शिल्लक वाढली. थंडी हे पहिलं कारण. पाण्याने भरलेली, आम्लधर्मी, हवा कमी असलेली माती हे दुसरं. शिवाय वरच्या उंचीवर सूक्ष्मजीवांना नत्र (नायट्रोजन) अपुरं पडतं, तर पायथ्याला स्फुरद (फॉस्फरस) अपुरं पडतं. उपाशी कामगार काम तरी किती करणार?

थंडी हे पहिलं कारण असेल तर लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: थंडी गेली तर?

याचं उत्तर मिळवायला नोर्मा सालिनास आणि सहकाऱ्यांनी आधी पानांवर प्रयोग केला. पंधरा जातींच्या झाडांची पानं जाळीच्या पिशव्यांत भरली आणि प्रत्येक जातीची पानं उतारावरच्या पाचही ठिकाणी नेऊन ठेवली. खालची वर, वरची खाली. 448 दिवस ती कशी कुजतात ते पाहिलं. सगळ्या जाती एकत्र धरल्या तर कुजण्याच्या वेगातला 95 टक्के फरक एकट्या मातीच्या तापमानाने समजावता आला. पावसाशी किंवा मातीतल्या ओलाव्याशी थेट नातं दिसलं नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं तर पान कुजण्याचा वेग सुमारे तिपटीने वाढतो, असं गणित निघालं. अशा प्रक्रियांसाठी नेहमी जो दुपटीच्या आसपासचा आकडा धरला जातो, त्याहून हा बराच जास्त आहे.

पान हे वर्ष-दोन वर्षांचं धन झालं. शेकडो वर्षं मुरलेल्या मातीचं काय? म्हणून मग मातीच हलवली गेली.

ही कल्पना साधी आहे आणि अंमलबजावणी जिवावरची. दहा सेंटिमीटर व्यासाचं, पन्नास सेंटिमीटर लांब नळकांडं जमिनीत उतरवायचं आणि मातीचा दंडगोल थरांचा क्रम न मोडता वर काढायचा. मग तो सांभाळत डोंगर उतरायचा किंवा चढायचा आणि दुसऱ्या उंचीवरच्या जंगलात पुरायचा. मेघवनातला दंडगोल तीन किलोमीटर खाली, ॲमेझॉनच्या उकाड्यात. पायथ्याचा दंडगोल वर, धुक्यात. तुलनेसाठी काही दंडगोल त्यांच्याच जागी परत. खड्ड्यातून ओली माती अखंड काढणं किती अवघड असतं, हे ज्याने एकदा तरी केलं आहे त्याला या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. एक गोटा किंवा एक जाड मूळ मध्ये आलं की अख्खा नमुना वाया जातो.

पाच वर्षांनी काय राहिलं ते अँड्र्यू नॉटिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी 2019 साली मांडलं. तापमान एक अंशाने वाढलं की मातीतला कर्ब सुमारे 4 टक्क्यांनी घटला. जिथे मुळात साठा मोठा आणि सहज कुजणारा होता, तिथे तोटाही मोठा. म्हणजे ज्या उंचीवरच्या मातीने सगळ्यांत जास्त जपून ठेवलं होतं, तिलाच सगळ्यांत मोठी झळ.

या निष्कर्षातला खरा धक्का सूक्ष्मजीवांबद्दल होता. सूक्ष्मजीव जे खातात त्यातलं काही त्यांच्या अंगी लागतं, त्यातून त्यांची संख्या वाढते; बाकीचं श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातं. अनेक संगणकीय प्रारूपांमध्ये असं धरलं जात होतं की उष्णता वाढली की खाल्लेलं अंगी लागण्याचं प्रमाण कमी होईल, मग सूक्ष्मजीव घटतील आणि कर्बाची गळती आपोआप आटोक्यात येईल. कोस्निपातात उलट घडलं. उष्ण जागी नेलेल्या मातीत खाल्लेलं अंगी लागण्याचं प्रमाण वाढलं. उष्ण हवेत रमणाऱ्या जातींचा भरणा झाला आणि पदार्थ तोडणाऱ्या विकरांचं (एन्झाइम्सचं) काम वाढलं. थोडक्यात, मातीतली वस्ती बदलली आणि नव्या वस्तीची भूक जास्त निघाली. ज्या लगामावर भरवसा ठेवला होता तो या पाच वर्षांत तरी लागला नाही.

या प्रयोगाच्या मर्यादा सांगितल्याशिवाय मी तो कधीच शिकवत नाही. दंडगोल कापला की झाडाची जिवंत मुळं तुटतात. त्यातून येणारा गोड रस, मुळांवर जगणारी बुरशी, हे सगळं थांबतं. खरं जंगल तापेल तेव्हा मुळंही असतील आणि तीही काहीतरी करतील. दुसरं असं की प्रयोगात तापमान एका दिवसात बदललं, हवामानबदलात ते दशकांत बदलतं. आणि पाच वर्षं हा मातीच्या आयुष्यात डोळ्याची पापणी लवण्याइतका काळ आहे. सहज कुजणारं संपल्यावर वेग मंदावूही शकतो. म्हणून चार टक्क्यांचा आकडा उचलून शंभर वर्षांनंतरचा साठा काढणं मला मान्य नाही. पण दिशेबद्दल शंका उरत नाही. शिवाय पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर, सखल जंगलात, माती जागेवरच ठेवून आणि मुळांना धक्का न लावता 4 अंशांनी तापवली गेली, तेव्हा दोन वर्षांत मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड 55 टक्क्यांनी वाढला. हा निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाला. पद्धत वेगळी, जागा वेगळी, तरी बोट त्याच बाजूला दाखवतं.

दरडी

आतापर्यंत आपण कर्ब हवेत जाण्याबद्दल बोललो. डोंगरात त्याला आणखी एक वाट आहे आणि सह्याद्रीच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. माळीण आणि इर्शाळवाडी ज्यांनी पाहिली, त्यांना उतारावरची माती एका रात्रीत कशी निघून जाते हे ठाऊक आहे.

कोस्निपाता खोऱ्यात 1988 ते 2012 या पंचवीस वर्षांतल्या दरडी उपग्रहचित्रांवरून वर्षवार मोजल्या गेल्या. दरवर्षी सरासरी 0.076 टक्के क्षेत्र घसरतं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण या वेगाने संपूर्ण उतार सुमारे 1320 वर्षांत एकदा पुसून निघतो. प्रत्यक्षात सगळीकडे सारखं घडत नाही. काही उतार पुन्हापुन्हा सुटतात, काही टिकून राहतात. दरडींबरोबर दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला सरासरी 26 टन कर्ब उतारावरून निघून जातो. त्यातला 80 टक्के मातीतला आणि फक्त 20 टक्के झाडाझुडपांतला. दरड कोसळल्यावर आपल्याला आडवे झालेले वृक्ष दिसतात. गेलेल्या कर्बाचा मोठा हिस्सा मात्र त्या चिखलात असतो. मार्च 2010 मधल्या एकाच वादळी पावसाने पंचवीस वर्षांतल्या एकूण दरडक्षेत्रापैकी 27 टक्के दरडी पाडल्या.

हा भाग जोडला की आधीचं कोडं सुटायला लागतं. साठा मातीच्या खोलीवर ठरतो, हे खड्ड्यांनी सांगितलं. खोली कशावर ठरते? बऱ्याच अंशी दरडींवर. जिथे शतकानुशतकं उतार सुटला नाही तिथे खडक झिजून माती खोल झाली आणि काळा थर जाड झाला. जिथे अलीकडे सुटला तिथे खडकावर शेवाळ नुकतं धरायला लागलं आहे. शेजारशेजारच्या दोन खड्ड्यांत दुप्पट-तिप्पट फरक का येतो, याचं उत्तर झाडात शोधून मिळत नाही, ते उताराच्या इतिहासात असतं. मातीचा अभ्यासक आणि दरडींचा अभ्यासक एकाच खोऱ्यात काम करत होते म्हणून हे जुळलं.

दरडीतून गेलेला कर्ब सगळाच हवेत जातो असं नाही. काही वाटेत कुजतो, काही कोस्निपाता नदीतून आल्तो माद्रे दे दिओसमध्ये आणि पुढे माद्रे दे दिओस, मदेइरा असा ॲमेझॉनपर्यंतचा प्रवास करतो. त्यातला जो गाळाखाली गाडला जातो तो दीर्घकाळ तिथेच राहतो. म्हणून दरड म्हणजे निव्वळ तोटा असं मांडता येत नाही.

आगीबद्दल थोडक्यात. पुनात गुरांसाठी नवं लुसलुशीत गवत यावं म्हणून कोरड्या दिवसांत जाळ लावण्याची जुनी रीत आहे. गवताची मुळं वाचतात, माळ पुन्हा हिरवा होतो. पण ही आग कोरड्या वर्षी मेघवनाच्या काठात शिरली तर तो गोधडीसारखा थर आतल्या आत धुमसत जळतो. गवताला जी आग सोसते ती त्या थराला सोसत नाही.

वर सरकणारी झाडं आणि आपले माळ

खोऱ्यातल्या एक हेक्टरच्या चौदा तुकड्यांतल्या 2003 ते 2007 च्या नोंदींवरून असं दिसलं की झाडांचे बरेच गट उतारावर वर सरकत आहेत, सरासरी वर्षाला अडीच ते साडेतीन मीटर उंची गाठत. तापमान ज्या गतीने वर सरकतं आहे त्यामानाने हा वेग कमी पडतो. वरच्या बाजूला गवताची हद्द आहे. तिथे जाळ आणि चराई झाडांना अडवून धरतात. समजा उद्या ही हद्द वर सरकली आणि पुनाच्या जागी मेघवन आलं, तर जमिनीवरचा कर्ब हेक्टरमागे कित्येक टनांनी वाढेल हे खरं. पण त्याच काळात तापमानही वाढलेलं असेल आणि मातीतला शंभराहून अधिक टनांचा साठा गळत असेल. झाडं मोजणाऱ्याला नफा दिसेल. माती न मोजणाऱ्याला तोटा दिसणारच नाही.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. दक्षिण भारतातल्या निलगिरी डोंगरांच्या वरच्या पठारांवर शोला म्हणवणाऱ्या बुटक्या सदाहरित जंगलाचे पुंजके आणि त्यांच्यामधले गवताळ माळ अशीच रचना आहे. ब्रिटिश काळापासून तिथल्या माळांना पडीक समजून त्यांवर युकॅलिप्टस आणि वॅटल या परदेशी झाडांची लागवड झाली. पण तिथल्या सँडिनल्ला इथल्या दलदलीतला काळा, कर्बाने भरलेला थर रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी तपासला आणि 1993 साली मांडलं, की हिमयुग टोकाला पोचलं होतं त्या काळातही, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी, तिथे गवत वरचढ होतं. झाडाच्या आणि उष्ण प्रदेशातल्या गवताच्या कर्बाची घडण थोडी वेगळी असते, त्यावरून हे ओळखता येतं. तो माळ जंगलतोडीतून उरलेला उजाड भाग नव्हता, ती जुनी, स्वतःची माती असलेली भूमी होती. हे उत्तर मातीनेच जपून ठेवलं होतं.

सह्याद्रीतल्या आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट माथ्यांवर, मात्र मेघवनासारखा जाड थर नाही. जांभ्यावर कुठे चार बोटं माती, कुठे कातळ उघडा, कुठे खळग्यात हातभर साचलेली. तरीही दर पावसाळ्यात सड्यावर खड्डे खणून रोपं लावण्याचे कार्यक्रम होतात आणि 'कर्ब वाढेल' असं फलकावर लिहिलेलं असतं. मला या कार्यक्रमांतल्या तळमळीबद्दल शंका नाही. पण रोप लावण्याआधी तिथली माती किती खोल आहे, त्यात आता किती कर्ब आहे आणि खड्डा खणल्याने त्यातला किती उघडा पडणार आहे, हे मोजलेलं मी फारसं कुठे पाहिलेलं नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सड्यावर नेतो तेव्हा सोबत खुरपं देत नाही. मीटरभर लांबीची लोखंडी सळई देतो, तिच्यावर दर पाच सेंटिमीटरला खूण केलेली. दहा-दहा पावलांवर ती जमिनीत रोवायची आणि खडकाला टेकून 'टण्' वाजली की खूण वाचून वहीत लिहायची. पहिल्या दिवशी फक्त हेच: जागेचा क्रमांक, वर काय उगवलं आहे आणि खडक किती खोल.